बुचांची गल्ली

३ एप्रिल

आत्या,

नमस्कार, पण रागावलेला. तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. पहिलीत तब्येत, दुसरीत हवा, चौथीत 'जेवत जा'. आणि तिसरीत, दूध नासलं म्हणून कळवावं इतक्या सहज, 'घर आणि दुकान विकून कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर खोली घ्यावी म्हणते, पावसाच्या आत जमलं तर बरं.' अगं, ही काय 'जेवत जा'च्या आधी उरकायची गोष्ट आहे? बाबांनी, म्हणजे तुझ्या सख्ख्या भावाने, 'महिनाभर सांभाळ' म्हणून मला ज्या घरात सोडलं आणि जिथे मी अख्खी वाढले, ते घर! मला विचारलंस तरी का?

माझं म्हणशील तर मी नोकरी बदलली. हसू नकोस. रंगाऱ्याकडचं काम सुटलं, कारण शिडीवर उभी राहून मी समोरच्या गच्चीतली कबुतरं बघत बसायचे आणि खाली मालकाच्या टकलावर रंग ठिबकायचा. आता मी गटारात आहे. म्हणजे मी वर आणि कॅमेरा खाली. मांजराएवढी चाकांची गाडी असते, तिच्या तोंडावर दिवा आणि कॅमेरा. ती रस्त्याखालच्या पाइपात सोडायची. मी तिची केबल सोडते, ओढते, आणि इंजिनीअरबाई रस्त्याकडेच्या व्हॅनमध्ये बसून पडद्यावर बघतात की पाइप कुठे फुटलाय, कुठे तुंबलाय. काल एक अख्खी कवळी दिसली. हसत होती. मी जोरात ओरडले तर बाई म्हणाल्या, "अगं, ती तुला नाही हसत."

काय सांगत होते? हां. जेवताना मी बाईंना आपल्या गल्लीची बढाई मारली. म्हटलं, आमच्याकडे नुसता उतार, बारा घरं, पावसात गटार तुंबतं आणि सगळ्यांच्या मोरीतून घाण उलटी वर येते. पण आम्ही रडत नाही. आमच्या आजोबांनी, ते सुतार होते, घराघराला मोरीच्या भोकाच्या मापाचं लाकडी बूच करून दिलंय. पाऊस चढला की कोपऱ्यावरचे दुकानदार काका थाळी बडवतात आणि सगळी गल्ली एकदम बुचं ठोकते. संपलं! मला वाटलं, बाई टाळ्या वाजवतील. त्यांनी घास तसाच हातात धरला आणि विचारलं, "मग पाणी जातं कुठे?"

मी म्हटलं, जातं कुठेतरी. पण आत्या, कुठे जातं गं?

तुझी,
भिंगरी

१४ एप्रिल

भिंगरे,

पत्राच्या मागच्या बाजूला 'फोन करू का' लिहिलं आहेस. नको. फोनवर मी एक सांगते, तू तिसरंच ऐकतेस, आणि मधेच तुला कुत्रं दिसतं. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

घराचं काय एवढं. मला जिने चढायची हौस आली आहे. जन्मभर तळमजल्यावर गाद्या शिवल्या, आता जरा वरून जग बघेन म्हणते. एवढ्यात आमूलाग्र सुधारणा केल्या आहेत. पलंगाखाली विटा घातल्या, उंचावर झोपलं की राणीसारखं वाटतं. मशीन माळ्यावर नेलं, तिथे उजेड बरा. कापसाची पोती छताच्या कड्यांना टांगली. शेजारची नर्स म्हणते, "ताई, तुमच्या दुकानात ढग उतरलेत."

तुझ्या आजोबांच्या बुचांचं चार लोकांत कौतुक केलंस, छान केलंस. एकेका मोरीत हात घालून माप घ्यायचे. कुणाकडून पैसा घेतला नाही. काकांच्या थाळीलाही आता पोचा आला आहे, पण आवाज अजून खणखणीत.

घराला गिऱ्हाईक आलं होतं. टायरवाला, त्याला गोदाम हवंय. भिंती ठोकून बघितल्या, वास घेतला, भाव पाडला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "टायरचं काय, भिजला तरी टायरच."

गटारातून आल्यावर हात कोपरापर्यंत धूत जा. आणि जेवत जा.

आत्या

२२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी आधी चुकीचं वाचलं. मला वाटलं, तुला एकटं वाटतंय, म्हणून जिने न् राणी न् ढग चाललंय. मी तर तुला मांजर पाठवायचा विचार करत होते. इथे सायकलच्या दुकानात, ज्याच्या माळ्यावर मी राहते, तिथे एक मांजर आहे, ती फक्त नव्या सायकलींच्याच सीटवर बसते, जुन्या सीटकडे ढुंकून बघत नाही. असो. मांजर राहू दे.

मग टायरवाल्याची ओळ परत वाचली. भिजला तरी टायरच. का भिजेल? आणि पलंग विटांवर का? कापूस आढ्याला का? मी विचारलं होतं पाणी कुठे जातं, त्याचं तू उत्तरच दिलं नाहीस. तुझं वाक्य पुरं होतं म्हणतेस ना? मग हे एकच कसं गं राहिलं?

मी ते पत्र घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी धुळीत बोटाने आपला उतार काढला, बारा रेघा मारल्या. म्हणाल्या, बूच पाण्याला थांबवत नाही, ते फक्त एका घराला वगळतं. वरच्याने ठोकलं की पाणी पुढच्या घराची मोरी शोधतं, त्याने ठोकलं की त्याच्या पुढच्याची. आणि टेकडीवर नव्या इमारती झाल्यात, त्यांच्या गच्च्यांचं पावसाचं पाणी याच पाइपात सोडलं असणार. म्हणजे एवढा सगळा दाब शेवटच्या रेघेवर. त्यांनी विचारलं, "इथे कोण राहतं?"

मी म्हटलं, माझी आत्या. बाईंनी पाण्याची बाटली दिली.

आत्या, तुझ्याकडे किती पाणी येतं? यावेळी खरं सांग. आणि घर विकायच्या आधी एक कर. नगरपालिकेत जाऊन विचार की नवीन गटारं कधी घालणार. बाई म्हणतात, हल्ली सगळीकडे याला पैसा मिळतोय. थोडा सरकार देतं, उरलेला गाव कर्ज काढून उभा करतं, आणि ते कर्ज फेडायला घराघरावर महिन्याचा आकार बसवतात. आज खणायचं आणि वीस वर्षं फेडायचं, तुझ्याकडे लोक हप्त्यावर गादी न्यायचे तसं. फक्त आधी कुठली गल्ली खणायची याची यादी असते. त्या यादीत शिरलो की झालं.

भिंगरी

२ मे

भिंगरे,

शिकायच्या वयात शिकली नाहीस, आणि आता गटारात जाऊन अक्कल घेऊन आलीस.

गुडघ्याच्या वर येतं. आणि पाणी म्हणू नकोस त्याला. पाणी बरं असतं. गेल्या वर्षी सोळा गाद्या गेल्या, त्यात एक नव्या नवरीची होती. तिला सांगितलं की उंदरांनी खाल्ली.

आपल्या मोरीला बूच टिकत नाही. तुझ्या आजोबांनी ठोकून बघितलं होतं. ते असं उडालं की छताचं कौल फोडून गेलं. तेच म्हणाले, "राहू दे, कुणाकडे तरी यायचंच." तेव्हा घरं पाच होती आणि टेकडीवर नुसती झुडपं. यायचं ते घमेलंभर यायचं, पुसलं की झालं. आता ते घमेल्यात मावत नाही एवढंच.

गल्लीला का नाही सांगितलं म्हणशील. काय सांगू? नर्सची आई अंथरुणाला खिळली आहे, तिला सांगू की बूच काढ? ड्रायव्हरने कर्ज काढून लाद्या बसवल्या, त्याला सांगू? आणि बुचं माझ्या बापाने केली. गल्ली अजून त्यांचं नाव काढते. झाकली मूठ आहे, झाकलेलीच बरी.

तुझ्या हट्टाखातर कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून सज्जन निघाला, बसायला खुर्ची दिली. यादी बघून म्हणाला, "ताई, तुमची गल्ली यादीत येणारच नाही." का? तर यादी तक्रारींवरून करतात. एखाद्या पावसात गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांत घाण शिरली, त्यांनी नोंदवली आणि निरीक्षकाने येऊन भिंतीवरची ओल बघितली, तर गल्ली आत. "आणि तुमच्या गल्लीतून आजवर एकही तक्रार नाही. एक नाही! आम्ही मीटिंगमध्ये तुमचं उदाहरण देतो." माझ्याकडे असा कौतुकाने बघत होता की मला त्याचंच वाईट वाटलं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. आपण कधी रडलोच नाही, आणि त्याचाच तोरा मिरवला.

यंदा जुलैअखेर यादी बंद होते. पुढची कधी, ते त्यालाही माहीत नाही. तेव्हा घर विकायचंच. टायरवाला महिन्याअखेर विसार देणार आहे. गल्लीत कुणाला एक अक्षर लिहायचं नाही. तुला माझी शपथ.

आत्या

९ मे

आत्या,

तुझी शपथ मिळाली. पण ती दोन दिवस उशिरा मिळाली असं समज, कारण मी त्याआधीच पोस्टात जाऊन आले होते. (नव्हते. शपथ वाचूनच गेले.) दुकानदार काकांना पत्र टाकलंय. मोठं आहे. त्यात बाईंचा धुळीतला उतार कागदावर काढलाय आणि शेवटच्या रेघेपाशी तू उभी आहेस, कमरेवर हात ठेवून. हात जरा लांब झालेत.

तू उडालेलं बूच लपवलंस, मी ते काकांना सांगितलं. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण पत्रातून दे, म्हणजे पुरत्या देता येतील.

भिंगरी

१ जून

भिंगरे,

तुला काय म्हणावं! आत्याबाईला मिश्या असत्या तर त्या पिळून तुझ्याकडे आले असते. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि इकडे मला शेळी करून गल्लीभर फिरवलंस.

काकांनी तुझं पत्र दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं. सुट्टीचा दिवस, साखर-चहापत्ती घ्यायला सगळे जमलेले. मी गादीला टाके घालत बसले होते, तर दारात ही गर्दी. नर्स पुढे आली, वाकून पलंगाखालच्या विटांकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही कापसाच्या पोत्यांना ढग म्हणालात."

"तूच म्हणालीस."

"मी म्हणाले, पण तुम्ही हसलात ना!"

आणि रडायला लागली. काका म्हणाले, "आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे सुताराचं खास बूच असेल. स्वतःच्या घराला माणूस चांगलंच करणार." मी म्हटलं, "केलं होतं की. कौलातून गेलं."

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे खोट्याच तक्रारी नोंदवू. पण निरीक्षक येऊन भिंत बघतो, कोरड्या भिंतीवर काय दाखवणार? कुणी म्हणे, ताईंची एकटीची नोंदवू. एक घर म्हणजे यादी नाही. तेव्हा काका म्हणाले ते मला आवडलं नाही. म्हणाले, "म्हणजे एका पावसात कुणीच बूच ठोकायचं नाही. येऊ दे काय यायचं ते सगळीकडे."

"आणि माझ्या लाद्या?" ड्रायव्हर ओरडला. "अजून हप्ते चालू आहेत!"

मी स्पष्ट सांगितलं, माझ्यासाठी अकरा घरांनी नरक करून घ्यायचा नाही. नर्सच्या आईचं अंथरूण जमिनीवर असतं. मला हे चालणार नाही, मी टायरवाल्याला शब्द देतेय. माझ्याच दारात माझंच कुणी ऐकेना, म्हणून मी आत जाऊन कडी लावली. बाहेर किती वेळ भांडत होते कोण जाणे. ठरलं काहीच नाही.

विसार घेतलेला नाही अजून. टायरवाल्याच्या घरी लग्न आहे, पाऊस पडला की बघू म्हणाला.

आत्या

२८ जून

आत्या,

तुझं पत्र नाही. मला शिक्षा म्हणून लिहीत नसशील तर हरकत नाही, ती मला लागूच आहे. पण बातम्यांत सांगितलं, तुमच्याकडे मोठा पाऊस झाला. पडद्यावर पाणी दाखवलं, पण कुठल्या रस्त्याचं ते कळेना, कारण एक माणूस छत्री घेऊन मधेच उभा होता.

मी दोनदा बसस्टँडवर जाऊन आले. एकदा तिकीटही काढलं होतं, पण विचार केला, शपथ मोडलेली भाची दारात बघून तुझा पारा आणखी चढेल. बाईंनी सांगितलं, "एक ओळ तरी लिही आणि उत्तराची वाट बघ. वाट बघायला शीक." तर लिहिली. बघतेय वाट. मला जमत नाहीये.

भिंगरी

६ जुलै

भिंगरे,

चार कामं पडली होती म्हणून लिहिलं नाही. घर धूत होते. पण माझं एकटीचं नव्हे, ऐक.

दुपारची वेळ. आभाळ असं भरलं की मी ओळखलं, हा तोच. पाय वर घेऊन पलंगावर बसले, खाण्याचा डबा जवळ घेतला, थाळीची वाट बघत. थाळी वाजली की त्यानंतर जरा वेळाने आपली मोरी बोलायला लागते, गुळगुळ करते, मग उसळते. इतक्या वर्षांची सवय. पण थाळी वाजेना. मला वाटलं, काकांना झोप लागली. पाऊस वाढला. मोरी बोलायला लागली. पाणी आलं, काळं, नेहमीचं. पसरलं. आणि घोट्यापाशी येऊन थांबलं.

मी पहिल्या विटेकडे बघत बसले होते. दुसरी भिजायची वाट बघत होते. ती भिजलीच नाही.

तेव्हा मी खाली उतरले आणि दार उघडलं. वर बघते तर गल्लीची सगळी दारं सताड उघडी. जो तो बादली घेऊन आपापल्या घरातली घाण उपसतोय. काका दुकानाच्या पायरीवर उभे, साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन, आणि थाळी कुठेच नाही. नर्सच्या आईला आदल्या दिवशीच काकांच्या माळ्यावर नेऊन ठेवलं होतं, मला न सांगता. सगळ्यांनी ठरवलं होतं, मला न सांगता! ड्रायव्हर पँट दुमडून त्याच्या लाद्यांवर उभा होता. मला बघून म्हणाला, "ताई, वास तर भयंकर असतो हो."

"मग? अत्तर येतं वाटलं होतं?"

"तुमच्याकडे किती आलंय?"

"घोट्यापर्यंत."

त्याने स्वतःच्या पायाकडे बघितलं. "माझ्याकडेही घोट्यापर्यंत," म्हणाला, आणि का कोण जाणे, बेट्याला हसूच आवरेना. मग मलाही.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून कार्यालयात गेलो. अंघोळी करून गेलो, पण तो वास जात नाही लवकर. कारकून उठून उभाच राहिला. "तुमच्या गल्लीतून? तक्रार?" त्याचा आदर्श मोडला ना! एकेकाची लिहून घेताना बिचारा पुन्हा पुन्हा गल्लीचं नाव विचारत होता. निरीक्षकही येऊन गेला, बारा भिंतींवर बारा सारख्या रेघा बघून गेला. म्हणाला, "सगळ्यांकडे इतकं एकसारखं मी कधी बघितलं नाही."

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण जेवत जा.

आत्या

१५ जुलै

आत्या,

पत्र बाईंना वाचून दाखवलं. घोट्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, केबल गुंडाळ, आज सुट्टी. मी दिवसभर नदीकाठी फिरले, तिथे एक माणूस चार भाषांत आपल्या कुत्र्याला हाक मारत होता, कुत्रं एकाही भाषेत आलं नाही. ते राहू दे.

यादीत शिरलो का? आणि टायरवाला? आणि पुढचा पाऊस आला तर? आता तक्रार झाली, आता लोक बुचं ठोकतील ना परत? तू काही बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तू परत हौस म्हणशील.

भिंगरी

३ सप्टेंबर

भिंगरे,

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, वाक्य पुरं करून.

तक्रारी झाल्यावर मी घरोघर जाऊन सांगितलं, काम झालं, आता खुशाल बुचं ठोका, मी रागावणार नाही. सगळे 'हो हो' म्हणाले. त्यानंतर दोनदा पाऊस झाला. दोन्ही वेळा घोट्यापर्यंत. मी ड्रायव्हरला झापलं तर म्हणतो, "ताई, बूच सापडत नाहीये." अकरा घरांतली अकरा बुचं एकदम हरवली, तुला खरं वाटतं?

यादीत आलो. पण पैशावर सभागृहात सुनावणी झाली, आकार बसवायचा की नाही यावर. टेकडीवरचा एक माणूस उठून म्हणाला, आमच्याकडे काही तुंबत नाही, आमचं पाणी आपोआप उतरून जातं, आम्ही का भरायचं? नर्स उठली. म्हणाली, "साहेब, उतरून कुठे जातं ते तुम्हाला ठाऊक नाही, तुमची चूक नाही. आम्ही त्याच्या शेजारी राहायचो, आम्हालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या पावसात या, खुर्ची देते." सभा हसली, तोही हसला. मग म्हणाला, "निम्मा आकार भरीन." अध्यक्ष म्हणाले, ही काही मंडई नाही. तर तो पुरा भरणार आहे, कुरकुरत. सगळेच कुरकुरत भरणार आहेत. मीही. आकार थोड्या मतांच्या फरकाने पास झाला, कर्ज मंजूर आहे, पावसाळा सरला की खणतील.

टायरवाला लग्न उरकून आला. मी त्याला चहा दिला आणि घर द्यायचं नाही म्हटलं. तो म्हणाला, "अहो, पाणी येतं ना पण!" म्हटलं, येतं, वाटून येतं. त्याला कळलं नाही. एक गादी मात्र घेऊन गेला, रोख.

काल इथली इंजिनीअर पोरगी माप घ्यायला आली होती, तुझ्या वयाची. मी विचारलं, वरून सुरू करणार ना, आमचा नंबर कधी लागेल? ती म्हणाली, "नाही आजी, पाइप नेहमी खालच्या टोकापासून घालत वर जातात. पहिली कुदळ तुमच्या दारात." आजी म्हणाली ते मी सोडून दिलं. काकांना सांगितलं तर त्यांनी दुकान बंद करून बघायला यायचं ठरवलंय.

दारापुढे मोठा चर पडणार, गिऱ्हाइकांसाठी वर फळी टाकावी लागेल. तुला यायचं तर तेव्हाच ये, मशीन माळ्यावरून खाली आणायला दोन माणसं लागतात. फळीवर उड्या मारायच्या नाहीत.

आत्या